न खोकणारा क्षय : हिंगोलीहून नांदेडकडे जाताना

पूर्णा जंक्शनहून अकोल्याकडे जाणारी गाडी वसमत मागे टाकते आणि दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीची शिवारे पसरू लागतात. पावसाळ्यात सोयाबीन, पुढे तूर आणि कापूस, आणि जिथे पाण्याची सोय आहे तिथे हळदीची रुंद, हिरवी पाने. स्थानकाच्या पाटीवर ‘हिंगोली डेक्कन’ असे नाव दिसते. हैदराबाद संस्थानाच्या काळात या गावी लष्करी छावणी होती. त्या काळाची खूण या नावात उरली आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेच्या बाजूला पूर्णा आणि मधून वाहणारी कयाधू.

या वाटेने आपण देवदर्शनासाठी जाणार आहोत, तसेच एका आजाराची ओळख करून घेण्यासाठीही. तो आजार आहे पोटाचा क्षयरोग. तो हिंगोलीचाच आहे, असे मुळीच नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आपल्या देशात आहेत, आणि पोटाचा क्षय महानगरातही आढळतो, खेड्यातही. मात्र म्हातारी माणसे गावी, कर्ती मुले कामासाठी दूर आणि मोठ्या तपासण्या पुढच्या जिल्ह्यात, अशी घडी जिथे असते तिथे हा आजार किती सहज लपून राहतो, हे या मुलखात नीट समजते.

नर्सीच्या पारावर

हिंगोली तालुक्यातले नर्सी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. १२७० ते १३५० हा त्यांचा काळ. कयाधूच्या काठच्या या गावातून निघालेला वारकरी पुढे पंजाबात घुमानपर्यंत गेला आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. ऐंशी वर्षांचे, पायी फिरलेले असे आयुष्य. त्या पुण्याईची आठवण ठेवून वयस्कर भाविक आजही नर्सीला येतात, मंदिरापाशी टेकतात आणि एकमेकांच्या प्रकृतीची विचारपूस करतात.

त्या विचारपुशीत काही वाक्ये ठरलेली असतात. ‘अन्न अंगी लागत नाही.’ ‘चार घास खाल्ले की पोट तट्ट होतं.’ ‘पोटात गोळा उठतो आणि गुडगुड होऊन बसतो.’ ‘संध्याकाळी अंग मोडून येतं.’ आणि शेवटी सगळ्यांचे एकमत होते, ‘वय झालं आता, चालायचंच.’

वय झाले हे खरेच. परंतु वय हे निदान नव्हे. साठीनंतर भूक थोडी कमी होते, झोप कमी होते, चाल मंदावते. काही महिन्यांत सदरा सैल पडणे, बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकणे आणि पोट मात्र फुगलेले दिसणे, हे वयाचे काम नाही. त्यामागे कारण असते आणि ते शोधावे लागते.

क्षय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खोकला, कफ आणि रक्ताची गुळणी येते. पोटाच्या क्षयात यांतले काहीही नसू शकते. या रुग्णांपैकी बहुतेकांच्या फुप्फुसात त्या वेळी सक्रिय क्षय सापडत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ येतो, थुंकी तपासायला थुंकीच नसते, आणि ‘क्षय नाही’ असे समजून घरचे निश्चिंत होतात.

औंढ्याचा गाभारा

हिंगोलीहून परभणीच्या रस्त्याला लागले की औंढा नागनाथ येते. बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाणारे हे देवस्थान हेमाडपंती घडणीचे, बाहेरच्या भिंतींवर शिल्पांची गर्दी असलेले आहे. बाहेरून एवढे भव्य मंदिर असूनही मूळ लिंग तळघरातल्या लहानशा गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्यांनी, वाकून, जपून खाली उतरल्याशिवाय दर्शन होत नाही. येथे नंदी मंदिराच्या मागच्या बाजूला आहे. नामदेवांना कीर्तनासाठी मागे जावे लागले म्हणून मंदिरच फिरले, अशी आख्यायिका त्यासंबंधी सांगतात.

औंढ्याचीच आणखी एक कथा मराठी घरांना परिचित आहे. संतांच्या मेळाव्यात मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना सांगितले की, तुमची मडकी भाजली आहेत की कच्ची ते पाहा. गोरोबांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा हे मडके कच्चे ठरले, आणि मग नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गुरूच्या शोधात आले.

थापटून आतले ओळखण्याची ही कुंभाराची कला वैद्यकातही आहे. ऑस्ट्रियाचे डॉक्टर लिओपोल्ड औएनब्रुगर यांनी १७६१ साली रुग्णाची छाती बोटांनी ठोकून तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या वडिलांची खानावळ होती आणि पिंपात मद्य किती उरले हे तिथे पिंप ठोकून पाहत, असे सांगतात. आजही डॉक्टर रुग्णाच्या पोटावर एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्याने ठोकतात, ते आत पाणी साठले आहे काय हे पाहण्यासाठी. पोटाच्या क्षयाचा पहिला संशय अनेकदा या साध्या तपासणीतूनच येतो. म्हणून डॉक्टरांकडे आजीला नुसत्या चिठ्ठीवर औषध मागण्यासाठी नेऊ नये, तपासणीच्या खाटेवर निजवून पोट तपासण्याची विनंती करावी.

एकाच रोगाचे अनेक मुखवटे

क्षयाचे जंतू पोटात कसे पोहोचतात? कधी ते पूर्वी फुप्फुसात शिरलेले असतात आणि रक्तावाटे इकडे येतात, कधी कफाबरोबर गिळले जातात, तर कधी न उकळलेल्या दुधातून येतात. आपल्याकडे दूध उकळण्याची जुनी सवय या शेवटच्या वाटेला मोठाच अडसर ठरली आहे. ती सवय मोडू नये. अनेकदा हे जंतू तरुणपणीच शरीरात शिरतात आणि वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. म्हातारपण, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुना आजार, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडची औषधे, कुपोषण यांनी प्रतिकारशक्ती खालावली की ते पुन्हा जागे होतात. एकट्या मधुमेहानेच क्षयाचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो.

पोटात त्यांची सर्वांत आवडती जागा म्हणजे लहान आणि मोठे आतडे जिथे जोडले जाते तो उजव्या बाजूचा खालचा भाग. तेथे व्रण होतात, भिंत जाड होते, मार्ग अरुंद होतो. मग जेवल्यानंतर कळ येते, गोळा उठतो, गुडगुड आवाज होऊन तो विरतो. दुसरा प्रकार पोटाच्या आतल्या आवरणाचा. त्यात पाणी साठते आणि पोट मोठे दिसते. तिसरा प्रकार पोटातल्या गाठींचा. हे तीन प्रकार नेहमीचे.

परंतु काही रुग्णांत हा रोग अगदी अनपेक्षित रूपाने भेटतो, आणि फसगत होते ती येथेच.

अन्ननलिकेचा क्षय विरळा असतो. त्यात घास अडकतो, गिळताना दुखते आणि घरात पहिली शंका येते ती कर्करोगाची. जठराच्या किंवा त्यापुढच्या आतड्याच्या क्षयात मार्ग अडतो, जेवलेले काही तासांनी उलटून पडते. हे जुने पित्त किंवा अल्सर समजून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या जातात. स्वादुपिंडाजवळच्या गाठी पित्ताची नळी दाबतात आणि कावीळ होते. गुदमार्गाशी झालेला क्षय न भरणाऱ्या भगंदराच्या रूपात दिसतो, शस्त्रक्रिया करूनही जखम वाहतच राहते. कधी शौचावाटे रक्त जाते आणि ते मूळव्याधीच्या खाती जमा होते. कधी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होते आणि काढलेल्या तुकड्याच्या अहवालात क्षय निघतो. वयस्कर स्त्रीच्या पोटात पाणी, बीजकोशाजवळ गाठ आणि रक्तातील सीए-१२५ वाढलेले, असे चित्र बीजकोशाच्या कर्करोगासारखे दिसते, तरी ते क्षयाचेही असू शकते. दारूमुळे यकृत बिघडलेल्या गृहस्थाच्या पोटातील पाणी यकृताचेच मानले जाते आणि त्याआडचा क्षय सुटून जातो.

म्हाताऱ्या माणसांत आणखी एक अडचण असते. ताप येतोच असे नाही, आला तरी तो हलका असतो. दुखणे सांगण्याची सवय नसते. ‘अंगावर काढणे’ हा आपल्याकडे गुण समजला जातो. दोन-चार महिने असे अंगावर काढले की आतडे पूर्ण अडते किंवा त्याला छिद्र पडते, आणि जे गोळ्यांनी बरे होण्यासारखे होते ते रात्री-अपरात्रीच्या शस्त्रक्रियेपर्यंत जाते.

थेऊरची आठवण

मराठी इतिहासात या रोगाने केलेला सर्वांत मोठा घात थोरल्या माधवराव पेशव्यांचा. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला, चिंतामणीच्या सान्निध्यात, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. त्यांच्या आजाराला त्या काळी राजयक्ष्मा म्हटले गेले आणि तो आतड्यांत उतरलेला होता असे सांगितले जाते. चरकसंहितेत राजयक्ष्म्यावर स्वतंत्र अध्याय आहे, म्हणजे रोग अपरिचित नव्हता. पण रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला तो २४ मार्च १८८२ रोजी, थेऊरच्या त्या दिवसानंतर सुमारे १०९ वर्षांनी. पहिले परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन हाती आले १९४३ साली. साऱ्या दौलतीची साधने हाताशी असलेल्या पेशव्यांना जे मिळू शकले नाही, ते आज नर्सीच्या किंवा सेनगावच्या एखाद्या आजोबांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. अट एवढीच की रोग वेळेत ओळखला गेला पाहिजे.

वसमतची हळद

औंढ्याहून वसमतकडे जाताना शिवारातली हळद अधिकाधिक दिसू लागते. हिंगोली आणि वसमत या बाजारपेठा हळदीसाठी दूरवर ओळखल्या जातात आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर काढणी झालेली हळद शिजवतात, उन्हात वाळवतात, घोळून चकाकी आणतात. त्या दिवसांत रस्त्याने जातानाही तिचा उग्र वास नाकात बसतो.

जिथे हळद पिकते तिथे ती औषध म्हणूनही पहिल्यांदा आठवते. दुखले की हळद-दूध, पोट बिघडले की ओवा, सुंठ, हिंग. स्वयंपाकातली हळद आणि रात्रीचे कोमट दूध यांत काही वावगे नाही. परंतु हळदीने क्षयाचा जंतू मरत नाही. क्षयाचे उपचार चालू असताना हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल किंवा कोणतीही पुडी, काढा, भस्म डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. क्षयाच्या काही गोळ्यांचा भार यकृतावर पडतो आणि हळदीच्या तीव्र अर्कानेही काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. दोन्ही भार एकदम टाकणे म्हाताऱ्या शरीराला झेपणारे नसते.

दसऱ्यानंतरची गावे

हिंगोलीचा दसरा प्रसिद्ध आहे. त्याची जत्रा पांगली की मराठवाड्यातल्या अनेक गावांतून ऊसतोडीसाठी माणसे निघतात. पुढचे पाच-सहा महिने गावात राहतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या ओट्यात टाकलेली नातवंडे. आजी नातवाला भाकरी करून घालते, स्वतः पाण्यात भिजवलेला तुकडा खाऊन निजते. ती किती जेवली हे पाहणारे कुणी नसते. मुले परत येतात तेव्हा ‘माय, किती वाळलीस गं!’ असे उद्गार निघतात. तोवर अर्धे वर्ष गेलेले असते.

यावर फार खर्चाचा उपाय नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, त्याच काट्यावर वजन करून ते कॅलेंडरवर लिहून ठेवावे. अंगणवाडीत, उपकेंद्रात किंवा किराणा दुकानातही काटा असतो. शेजारणीला, आशाताईंना किंवा शाळकरी नातीला हे काम सांगता येते. फोनवर ‘कशी आहेस?’ विचारले तर ‘बरी आहे’ असेच उत्तर येणार. ‘या महिन्यात वजन किती भरलं?’ असे विचारले तर खरे कळेल.

उपचार चालू असताना स्थलांतराची वेळ आली तर औषध थांबवण्याचे कारण नाही. निक्षय या शासकीय प्रणालीत प्रत्येक रुग्णाला क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रातही औषधे सुरू ठेवता येतात. निघण्यापूर्वी आपल्या केंद्राला सांगून जावे, एवढेच.

नांदेडची वाट

वसमतहून रस्ता नांदेडला जातो, आणि पिढ्यान्‌पिढ्या हिंगोलीच्या रुग्णांचीही हीच वाट राहिली आहे. विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या भागाचा मोठा आधार आहे. २०२४ मध्ये हिंगोलीलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्या पिढीने साध्या सोनोग्राफीसाठी दिवस मोडला, तिला याचे मोल वेगळे सांगायला नको.

तपासणीचा क्रम साधारणतः असा असतो. रक्त, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी आधी. पोटात पाणी असेल तर सुईने थोडे काढून त्याची तपासणी, त्यात एडीए नावाचे द्रव्य मोजतात. गरज पडल्यास सीटी स्कॅन. आणि शक्य तिथे दुर्बिणीने आत पाहून तुकडा घेणे. औंढ्याच्या गाभाऱ्यात जसे वाकून उतरावे लागते, तसे येथे आतल्या जागेपर्यंत पोहोचावेच लागते. बाहेरून अंदाज पुरत नाही. घेतलेल्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते, आणि त्यातील जंतूंचा शोध सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रांवर घेतला जातो. यांपैकी ट्रूनॅट गोव्यातल्या कंपनीने विकसित केले आहे. औषधांना जंतू दाद देतील की नाही, याचाही काही अंदाज या तपासण्यांतून मिळतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पोटाच्या क्षयात जंतूंची संख्या कमी असते, त्यामुळे एक अहवाल नकारात्मक आला म्हणजे क्षय नाहीच असे ठरत नाही. डॉक्टर पुन्हा तुकडा घ्यायचा म्हणाले तर ते टाळाटाळ करीत आहेत असे समजू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सीटी स्कॅनवर गाठ दिसली, कुणीतरी ‘कॅन्सरसारखं वाटतं’ म्हणाले, की अनेक घरांत निर्णय होतो, ‘या वयात आता कशाला हाल?’ आणि रुग्णाला परत गावी आणले जाते. तुकड्याचा अहवाल हाती आल्याशिवाय हा निर्णय करू नये. कधी तो खरोखरच कर्करोग निघतो, तेव्हाही पुढची दिशा त्या अहवालावरच ठरते. कधी मात्र तो क्षय निघतो, आणि सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा माणूस आपण आशा सोडून खाटेवर टाकलेला असतो. आतड्याच्या क्रोन्स या आजाराचेही तसेच. तो आणि क्षय दिसायला सारखे असतात, पण त्याच्यासाठी दिलेले स्टेरॉइड क्षय असल्यास रोग भडकवू शकते. म्हणून आधी खात्री, मग औषध.

सहा महिन्यांची सोबत

पोटाच्या बहुतेक क्षयांना सहा महिन्यांचे उपचार पुरतात. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. भूक सहसा काही आठवड्यांत परतते, आणि नेमकी तेव्हाच गोळ्या सोडण्याची इच्छा होते. सोडू नयेत. अर्धवट उपचारांनी जंतू औषधांना दाद देईनासे होतात.

वयस्कर रुग्णाच्या आधीच्या सर्व औषधांची पुरचुंडी डॉक्टरांपुढे ओतावी. रिफाम्पिसिनमुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो. त्यांची मात्रा बदलावी लागते. याच औषधाने लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये. परंतु डोळे पिवळे होणे, सतत मळमळ, अन्नाचा तिटकारा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या तर सांगावे, त्यासाठी जीवनसत्त्व ब-६ देतात. नजर धूसर झाली किंवा रंग ओळखण्यात फरक पडला तर मोतीबिंदू समजून थांबू नये.

ताटवाटी वेगळी करण्याची गरज नाही. फुप्फुसात रोग नसेल तर पोटाचा क्षय हवेतून घरच्यांना लागत नाही. आणि फुप्फुसाच्या क्षयाबाबतही, मद्रासच्या क्षयरोग केंद्राने १९५९ साली दाखवून दिले की घरी राहून नियमित औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच चांगले बरे होतात. नातवाला आजीच्या मांडीवर बसू द्यावे की नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे. मनात शंका ठेवून तिला कोपऱ्यात बसवू नये.

आहारात अरुंद आतड्याला सोसेल असे, थोडे थोडे, अनेक वेळा द्यावे. मऊ खिचडी, तुरीचे वरण, उकळलेले दूध, दही, अंडे, भाकरीऐवजी काही दिवस कण्या. निक्षय पोषण योजनेतून उपचारकाळात महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. ती ज्याच्या नावाने येते त्याच्याच ताटात पडावी.

पोट फुगून गच्च झाले, वारा आणि शौच दोन्ही बंद झाले, उलट्या थांबेनात किंवा पोट दगडासारखे कडक झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. एरवी दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ पोट दुखत असेल, वजन उतरत असेल, पोटात पाणी वाटत असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन ‘हा पोटाचा क्षय तर नसेल?’ हा प्रश्न आपण होऊन विचारावा. खोकला नाही म्हणून तो प्रश्न गिळू नये.